पडद्यावरून चालत गेलेलं गाव

सिनेमा संपला की लोक चपला शोधू लागतात आणि पडद्यावर खालून वर नावं सरकू लागतात. ती कोणी वाचत नाही असा जगाचा समज आहे. आमच्या भंडारा जिल्ह्यात मात्र लग्नाचा व्हिडिओ शेवटाकडून पाहायला सुरुवात करणारी माणसं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहेत. आधी नावं. आपलं आहे का, व्याह्याचं आपल्या वर तर गेलं नाही ना, मोठ्या जावयाच्या आधी 'श्री' लागलं का. हे सगळं तपासून झालं की मग सवडीने नवरी पाहायची.

मी आणि माझा नवरा लाखांदूरला फोटो स्टुडिओ चालवतो. तो कॅमेरा धरतो, मी मिक्सिंग करते, म्हणजे त्याने टिपलेले तुकडे संगणकावर जोडते. त्याआधी बारा वर्षं मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत कामं केली. नायिका, मग नायिकेची बहीण, मग नायिकेची सासू. वय जसं चढत गेलं तशी मी पायऱ्या उतरत गेले. सासूच्या पुढे मयत आजी एवढीच भूमिका शिल्लक होती, तीही फोटोतली, म्हणून मी संगणकावर बसले. माहेर आंधळगावचं, घरात हातमाग. सुताचे धागे ओळीने पुढे सरकताना पाहत मोठी झालेली बाई नावांच्या ओळी सरकवायला बसली, तर तिला फारसं परकं वाटत नाही.

नावं सरकवणं सोपं आहे. एक चौकोन काढायचा, त्यात नावं टाकायची, 'रोल' म्हणून सांगायचं आणि किती सेकंदांत खालून वर जायचं ते ठरवून द्यायचं. गोम त्या सेकंदांत आहे. अर्ध्या मिनिटात वीस नावं टाकली तर ती जेवून उठलेल्या वऱ्हाडासारखी रमतगमत जातात. त्याच अर्ध्या मिनिटात दोनशे टाकली तर सुटणारी एसटी पकडायला निघाल्यासारखी पळतात. सॉफ्टवेअरला दयामाया नसते. तुम्ही माणसं वाढवा, ते चाल वाढवतं. चाल कमी हवी तर संगणकावरची नावांची पट्टी लांब ओढावी लागते, आणि पट्टी लांब ओढली की नवरा मागून म्हणतो, "एवढ्या वेळात तर वरण शिजते."

एका वर्षी दिवाळीच्या आधी एक म्हातारबाबा आमच्याकडे आले. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसभराची जत्रा, लेकीबाळी माहेरी आलेल्या, भजी आणि फुगे, आणि मधोमध दंडार, म्हणजे ढोलकीच्या ठेक्यावर पायात घुंगरू बांधून नाचायचं आणि नाचता नाचता सोंगं काढायची. बाबा त्यांच्या गावच्या दंडारीचे म्होरके. गाव मात्र जागेवर नव्हतं. ते गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि अर्धे लोक एका नव्या गावठाणात, अर्धे दुसऱ्या गावठाणात बसवले गेले. वाटणी अशी झाली की ढोलकी एकीकडे आली आणि ढोलकीवाला दुसरीकडे. तेव्हापासून दंडार बंद.

बाबांचे दोन मुलगे होते, एक या गावठाणात, एक त्या. बाबा सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे.

"आता यंदा दोन्ही गावठानं एका मंडईले तयार झाले आहेत," ते म्हणाले. "तुमच्या मालकानं आमच्या तालमीची शूटिंग केली न, म्हाताऱ्यायच्या गोष्टी घेतल्या. थे मोठ्या पडद्यावर लावाचं, मंग दंडार. पन दोघायची एक अट आहे."

"कोणती?"

"शेवटी जुन्या गावच्या समद्या घरायची नावं आली पाहिजेत. अन् कोनाचं कोनाच्या खाली नाही पाहिजे."

नवरा कॅमेऱ्याची काच पुसत होता. तो म्हणाला, "बाबा, पडदा उभा राहते. त्याले वर अन् खाल राहणारच."

"हो न. म्हनून तर आलो तुमच्याकडे."

"अन् झालं खाली-वर तर?"

"तर दोन मंडई. एक इकडे, एक तिकडे, एकाच दिवशी." बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मले सांगा, मी कोन्या मंडईत जाऊ? एका पोराकडे गेलो तर दुसरा पोरगा तोंड पाहाचा नाही."

त्यांनी हे कुरकुर न करता, बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. मी म्हटलं, बाबा, बसा, नावं सांगा, मी लिहिते.

बाबा बसले नाहीत. उभ्याने, डोळे अर्धे मिटून, हाताने हवेत डावं-उजवं करत दोन तास नावं सांगत राहिले. मी सरळ संगणकावर टंकत होते. चारशेच्या वर नावं झाली. माझ्या एक गोष्ट लक्षात आली ती ही की यादी भयंकर विस्कटलेली आहे. एक आडनाव सुरुवातीला दोनदा, मग मध्ये एकदा, मग पार शेवटी. मध्येच बाबा थांबून म्हणायचे, "इथं थोडी जागा खाली सोडा." मला वाटलं, वयाचा परिणाम. बिचाऱ्यांना जशी आठवतात तशी सांगताहेत. मी मनाशी म्हटलं, काळजी करू नका बाबा, हे विस्कटलेलं तुमची लेक सारखं करून देईल.

ते गेल्यावर मी जे केलं त्याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता, म्हणून सविस्तर सांगते. मी सगळी यादी निवडली आणि एक कळ दाबली. चारशे नावं क्षणात बाराखडीच्या क्रमाने उभी राहिली. अ, आ, इ. शाळेच्या हजेरीसारखी. मध्ये सोडलेल्या रिकाम्या जागा मी झाडून टाकल्या. आता कोणाचा मान, कोणाचा अपमान? बाराखडीशी भांडण करणारा अजून जन्माला आलेला नाही. फाइल जतन केली, पट्टी केली, आणि सुपारी फोडून नवऱ्याला अर्धी दिली.

"वाचून तर पाहू दे बाबाले," तो म्हणाला.

"पाहतीलच. रडतील आनंदानं."

मंडईला दोन दिवस राहिले असताना बाबा आले. मी त्यांना चांगल्या खुर्चीत बसवलं, जिच्यात फक्त नवरदेव बसतो, आणि पट्टी सुरू केली. बाबा चष्मा धरून पाहत राहिले. पाच मिनिटं झाली. सात झाली. नावं संपली. मग बाबा चष्मा खिशात ठेवून म्हणाले, "बाई, हे गाव कोनाचं आहे?"

"तुमचंच जी."

"आमचं नाही. आमच्या गावात हे दोघं भाऊ," त्यांनी पट्टी मागे घ्यायला लावून पडद्याकडे बोट केलं, जिथे एकाच आडनावाचे दोघं एकमेकांना चिकटून उभे होते, "यायनं मधात तीन घरं सोडून घर बांधलं होतं. मुद्दाम. एकमेकाचं तोंड नाही पाहा लागलं पाहिजे म्हनून. तुम्ही यायले एका भिंतीले आनून बसवलं."

"बाबा, बाराखडी आहे. त्यात वर-खाली कोणी कोणाला म्हणू शकत नाही."

"काहून नाही? अ पहिले काहून? अ चं घर मोठं आहे का?"

पन्नाशीला आलेय, बाराखडीला हा प्रश्न कोणी विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मग बाबांनी सांगितलं, ते मला त्या पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं. दंडारीचं बोलावणं म्होरक्या स्वतः देत असे. मारुतीच्या देवळापासून निघायचं, उजव्या हाताची घरं घेत चावडीपर्यंत, मग विहिरीला वळसा, मग तळ्याच्या पाळीने, म्हणजे बांधावरून, खालची आळी, आणि शेवटी गावाबाहेरची टोली, पाचसात घरांची. प्रत्येक दारात टिळा लावायचा, सुपारी द्यायची. पहिलं कोण, शेवटचं कोण यावरून कधी कोणी रुसलं नाही. घर जिथे होतं तिथे बोलावणं पोचायचं. बाबांनी मला यादी दिलीच नव्हती. ते आमच्या दुकानात उभे राहून गावातून चालत गेले होते, आणि मी मागून येऊन सगळी घरं उचलून हजेरीच्या रांगेत लावली होती. विहीर, चावडी, तळं, सगळं झाडून टाकलं होतं. रिकाम्या जागा म्हणून.

"जुनी फाइल?" नवऱ्याने विचारलं.

मी त्याच्याकडे पाहिलं. सासूच्या भूमिकेत मी जशी पाहत असे तसं. त्याने पुन्हा विचारलं नाही. जुनी फाइल नव्हती; तिच्यावरच मी नवी जतन केली होती.

"बाबा, पुन्हा सांगा न मंग," मी म्हटलं.

बाबांनी सुरुवात केली, सहा घरं झाली, आणि अडकले. पुन्हा सुरुवात, पुन्हा सहावं घर. "त्या दिवशी डोक्यात तयारी करून आलो होतो," ते म्हणाले. "आज मन पेटलं आहे. रस्ताच दिसून नाही राहिला."

रस्ता दिसत नाही म्हटल्यावर माझ्यातली नटी जागी झाली. बारा वर्षं मी दोन बांबू आणि एका पडद्यात राजवाडा पाहिला होता, गाव काय अवघड आहे. मी नवऱ्याला संगणकावर बसवलं. कॅमेऱ्याची तिपाई दाराजवळ नेऊन उभी केली: हा मारुती. पांढरी छत्रीवाली लाइट: चावडीचा पिंपळ. लग्नाच्या फोटोसाठी असलेली फुलदाणी: विहीर. आणि पासपोर्ट फोटोच्या मागे लावायचा निळा पडदा काढून जमिनीवर पसरला.

"हे काय?" बाबा म्हणाले.

"तुमचं तळं."

बाबांनी तळ्याकडे पाहिलं, कोपरा धरून थोडं डावीकडे सरकवलं, एक टोक आत दुमडलं. "इकडून पाळ फुटली होती," म्हणाले. आणि चालायला लागले.

मी त्यांच्या पुढे पुढे धावत प्रत्येक घरात जाऊन उभी राहत होते. बाबा दारात आले की मी आतून विचारायची, "कोन आहे जी?" बाबा नाव सांगून म्हणायचे, "आहे का घरी?" मी कधी म्हातारी व्हायची, कधी दारू उतरलेला जावई, कधी न ओळखणारी नवी सून. बाबा आधी लाजले. दहाव्या घराला स्वतःच म्हणाले, "इथली बाई अशी नाही बोलत. थे भल्ली कडक आहे. आवाज चढवा." मी चढवला. बाबा दोन पावलं मागे सरले. "हो, असीच."

नवरा टंकता टंकता म्हणाला, "हळू घ्या, माझे बोटं नाटकात नाही आहेत."

अशात एक गिऱ्हाईक आलं. बँकेच्या कामासाठी पासपोर्ट फोटो हवा होता. आत येऊन नेहमीच्या जागी उभा राहिला, केसांवरून हात फिरवला, हनुवटी वर केली.

"भाऊ," मी म्हटलं, "तुम्ही तळ्यात उभे आहात."

त्याने खाली पाहिलं.

"थोडं पाळीवर या न," बाबा त्याला अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "मले खालच्या आळीत जाचं आहे."

तो पाळीवर आला. फोटोची घाई होती म्हणत होता, पण पुढचा तासभर तिथेच स्टुलावर बसून राहिला. खालच्या आळीतली तीन घरं त्याच्या मावसबहिणीच्या सासरची निघाली आणि बाबांकडून राहून गेलेलं एक नाव त्यानेच आठवून दिलं. फोटो न काढताच गेला. दुसऱ्या दिवशी येऊन काढला, तेव्हा आधी विचारलं, "आज पानी उतरलं का?"

टोलीपर्यंत पोचलो तेव्हा बाबांना घाम आला होता. टोलीतलं शेवटचं घर एका म्हातारीचं. तिचा नवरा कधीच गेलेला, म्हणून बाबांनी तिचंच नाव सांगितलं. मी दारात म्हातारी होऊन बसले. बाबा म्हणाले, "इथं काही बोलू नका. थे कधी एका बोलावन्यात उठत नाही. म्हनते, समद्यायले देऊन उरलं ते मले आनलं का?"

पट्टी तयार झाली. आता सेकंद. नवऱ्याने पाच मिनिटं धरली. बाबा म्हणाले, "हे चालून राहिले का पळून राहिले?" सात केली. "कोनाच्या मागं ढोर लागलं आहे?" नऊ केली. बाबा उठून उभे राहिले आणि नावांबरोबर जागच्या जागी पावलं टाकू लागले. एक दार, दोन पावलं, दुसरं दार. विहिरीपाशी मी सहा ओळी रिकाम्या सोडल्या होत्या. काळा पडदा वर सरकत राहिला. नवरा म्हणाला, "लोक म्हणतील लाइट गेली." बाबा तोवर विहिरीला वळसा घालत होते. पलीकडे पहिलं नाव निघालं तेव्हा त्यांचं पाऊल बरोबर दारात पडलं.

"याच्यातलं एक सेकंद कमी-जास्त नका करू," ते म्हणाले.

मंडईच्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. मंडप एक, पण बसणं दोन. डावीकडे हे गावठाण, उजवीकडे ते, आणि मधून बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी सोडलेली. बाबा त्या वाटेच्या तोंडाशी, माझ्या संगणकाच्या टेबलाजवळ उभे राहिले. दोन्ही मुलगे दोन्ही बाजूंना पहिल्या रांगेत. दोघांनीही बापासाठी शेजारी खुर्ची धरून ठेवली होती, रुमाल टाकून. बाबा एकाही खुर्चीकडे पाहत नव्हते.

एलईडीच्या पडद्यावर चाळीस मिनिटांचा व्हिडिओ झाला. लोक हसले, म्हाताऱ्यांच्या गोष्टींना मान डोलावली, सगळं छान. मग नावं सुरू झाली आणि दोन्हीकडून माणसं पुढे वाकली. मी नाटकात पडद्यामागे उभी राहून प्रेक्षकांची नाडी मोजलेली बाई आहे. ते वाकणं चांगलं नव्हतं.

पहिली पाच नावं गेली. डावीकडून एक आवाज आला, "त्याचं पहिले काहून?"

उजवीकडून कोणीतरी उत्तर दिलं, "देवळाले लागून कोनाचं घर होतं, तुह्यं का?"

मग डावीकडचाच दुसरा म्हणाला, "अबे, हे तर बोलावनं आहे."

आणि मंडप सैल झाला. पुढचं नाव येण्याआधीच लोक सांगू लागले. "आता थे बिडीवाला." बिडीवाला आला. "आता आमचं. पाहा, आता आमचं." आलं. पहिलं नाव उजवीकडच्याचं, दुसरं डावीकडच्याचं, तिसरं पुन्हा उजवीकडचं. गाव फुटलं तेव्हा आळी पाहून थोडीच फुटलं होतं. विहिरीची रिकामी जागा आली तेव्हा कोणी लाइट गेली म्हटलं नाही. बायांच्या बाजूला एकजण म्हणाली, "इथंच माही बादली गेली होती," आणि वाटेच्या पलीकडून आवाज आला, "बादली नाही वो, दोरच सडका होता तुहा."

बादलीवाली उठली. वाट ओलांडून पलीकडे गेली आणि दोर सडका म्हणणारीच्या शेजारी सतरंजीवर बसली. माझा समज झाला की आता गळाभेट होणार. ती म्हणाली, "सरक. अन् माही परात कुठं आहे ते सांग. गाव सुटाच्या आधी नेली होती तू."

"आहे घरी. संध्याकारी ये न्याले."

त्यानंतर दहाबारा जणी उठल्या, मग गडीमाणसं. ज्याची त्याची भिंत आली की तो आपल्या शेजाऱ्याकडे जाऊन बसू लागला. दोघे भाऊ, तीन घरं मध्ये सोडून आले आणि तसेच तीन माणसं मध्ये सोडून बसले. मधली वाट कधी भरली ते मला कळलं नाही. बाबांच्या मोठ्या मुलाने खुर्ची उचलून वाटेत आणून ठेवली. धाकट्याने आपली खुर्ची आणून तिच्याशेजारी ठेवली. बाबा त्या दोन खुर्च्यांच्या मध्ये उभेच राहिले, कारण नावं अजून चालली होती आणि त्यांचे पाय टोलीकडे निघाले होते.

शेवटचं नाव वर गेलं. टाळ्या पडल्या. ढोलकीवाल्याने ढोलकी मांडीवर घेतली, किती वर्षांनी. तेवढ्यात मागून काठी आपटल्याचा आवाज आला.

टोलीतली म्हातारी उभी राहिली होती. हीच ती, हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

"जिनगीभर मलेच शेवटी बोलावलं," ती म्हणाली. "गाव बुडालं तरी मीच शेवटी. आता गाव कुठी आहे? पानी आहे. पान्यात कोन्या बाजूनं बी चालता येते. एक डाव टोलीकडून चालवा."

दोन्ही गावठाणांनी मिळून बाबांकडे पाहिलं, बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"होते का जी, बाई?"

"होते," मी म्हटलं. "सॉफ्टवेअरात एक खूण केली की उलटं फिरतं."

"मंग करा. बोलावनं देऊन म्होरक्या घरी परत तर येतेच न. थोच रस्ता आहे."

मी खूण केली. या वेळी नावं वरून खाली उतरू लागली, आणि सगळ्यांत आधी, एकटं, टोलीतल्या म्हातारीचं नाव त्या भल्यामोठ्या पडद्यावर आलं. बाबांनी मोजून नऊ मिनिटांची चाल ठेवली होती, त्यामुळे ते काही घाईने गेलं नाही. म्हातारी काठीवर दोन्ही हात ठेवून पाहत राहिली. नाव पडद्याच्या मध्यावर आलं, खाली आलं, गेलं.

"झालं," ती खाली बसत म्हणाली. "बाकीच्यायचं पाहिलंच आहे. बंद करा आता अन् दंडार लावा, मले घुंगरू आयकू द्या."